मंदी आली की शाळेच्या दाराशी गर्दी होते, पण दार उघडतं का?

कोरोनाच्या पहिल्या वर्षात इंग्लंडच्या शिक्षण खात्याला अनेक वर्षांत न दिसलेलं चित्र दिसलं. शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घ्यायला अचानक माणसं येऊ लागली. २०१९-२० मध्ये सुमारे ३४ हजार लोकांनी हे प्रशिक्षण सुरू केलं होतं, २०२०-२१ मध्ये तो आकडा ४० हजारांच्या पुढे गेला. हॉटेलं, विमान कंपन्या, दुकानं, कार्यक्रमांचे व्यवसाय सगळं ठप्प होतं, आणि शाळा मात्र ऑनलाइन का होईना, चालू होत्या. पण दोनच वर्षांनी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, हा आकडा २९ हजारांवर उतरला. महासाथीच्या आधी होता त्याच्याही खाली. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचं उद्दिष्ट तर त्या वर्षी जेमतेम १७ टक्के पुरं झालं.

अमेरिकेतही हेच दिसलं होतं. 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था नव्या पदवीधरांना दोन वर्षांसाठी गरीब वस्त्यांमधल्या शाळांत शिकवायला पाठवते. २००८ मध्ये तिच्याकडे सुमारे २५ हजार अर्ज आले, २०१० मध्ये ४६ हजार. मध्ये काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे: मोठ्या बँका बुडाल्या होत्या आणि कॅम्पसवर नोकऱ्या घेऊन येणाऱ्या कंपन्या गायब झाल्या होत्या. त्याच सुमारास, २००९ मध्ये, 'टीच फॉर इंडिया'ची पहिली तुकडी मुंबई आणि पुण्याच्या शाळांत शिकवायला लागली. आणि आपल्या घरांतलं सांगायचं तर हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरकपातीची बातमी आली की 'बी.एड. करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं' हे कुणीतरी म्हणतंच.

या म्हणण्यामागे खरी चिंता असते, म्हणून ते नीट तपासायला हवं. मंदी शाळांकडे माणसं पाठवते, त्यात खरोखर चांगली माणसं असतात. पण नेमक्या त्याच वेळी शाळांकडे त्यांना नेमायला पैसे नसतात. या दोन गोष्टींच्या मध्ये काही वर्षांचं अंतर पडतं, आणि त्या वर्षांचा खर्च कोण उचलतो यावर शेवटी कोण शिक्षक होतं हे ठरतं.

पगार तोच, पण मोठा दिसतो

सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार बाजाराच्या तालावर चालत नाही. तो वेतन आयोग ठरवतो, साधारण दहा वर्षांनी एकदा. तेजीच्या काळात खासगी कंपनीत तीन वर्षांत पगार दुप्पट होतो, तेव्हा शिक्षकाचा पगार फक्त वार्षिक वेतनवाढ आणि महागाई भत्त्याने सरकतो. मंदीत कंपनीतला पगार थांबतो, कापला जातो किंवा नोकरीच जाते, तेव्हाही शिक्षकाचा पगार तसाच सरकत राहतो. महाराष्ट्रात सहावा वेतन आयोग २००९ मध्ये लागू झाला, तोही २००६ पासूनच्या फरकासह. म्हणजे जगभर मंदी होती त्याच वर्षी इथल्या शिक्षकांचे पगार वाढले. त्यामागे मंदीशी काही संबंध नव्हता, वेळापत्रक तसं जुळलं इतकंच.

त्यामुळे मंदीत शिक्षकाच्या नोकरीचं आकर्षण वाढतं ते ती नोकरी सुधारली म्हणून नव्हे, तर बाकीच्या घसरल्या म्हणून. मनात तुलना होते ती केवळ आजच्या पगारांची नसते. 'या नोकरीत पुढच्या वर्षी मी असेन का' हा प्रश्न त्यात मिसळलेला असतो. महिना ९० हजारांची पण कधीही जाऊ शकणारी नोकरी आणि महिना ५५ हजारांची पण टिकणारी नोकरी, या दोहोंत तेजीत पहिली मोठी वाटते, मंदीत दुसरी.

वळणारी माणसं तीन प्रकारची असतात आणि त्यांची सरमिसळ करून बोललं की चर्चा भरकटते. काहींची नोकरी खरंच गेलेली असते. काहींची असते, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस गेलेला असतो आणि झोप उडालेली असते. तिसरे म्हणजे नुकतेच पदवी घेतलेले, जे एरवी कंपनीत गेले असते आणि आता दुसरा विचार करतात. या तिसऱ्या गटाबद्दल सगळ्यात भक्कम माहिती उपलब्ध आहे.

'दुसरीकडे काही जमलं नाही म्हणून मास्तर झाला'

हे वाक्य मला मनापासून खटकतं, आणि ते खोडून काढायला पुरावा आहे. मार्कस नागलर, मार्क पिओपियुनिक आणि मार्टिन वेस्ट या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची आकडेवारी घेतली. चौथी-पाचवीला शिकवणारे सुमारे ३३ हजार शिक्षक, त्यांनी नोकरी सुरू केली तेव्हा देशात मंदी होती की नव्हती, आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांची गणितात आणि वाचनात किती प्रगती झाली, हे त्यांनी ताडून पाहिलं.

मंदीत शिक्षकी पेशात आलेले शिक्षक गणित शिकवण्यात सरस निघाले. फरक ०.१ प्रमाण विचलनाचा होता. ऐकायला तो किरकोळ वाटतो, म्हणून साध्या शब्दांत सांगते: शंभर शिक्षकांना शिकवण्याच्या परिणामानुसार रांगेत उभं केलं, तर मंदीत आलेला सरासरी शिक्षक मध्यावरच्या शिक्षकापेक्षा साधारण चार जागा पुढे असतो. एका शिक्षकाच्या हातून दरवर्षी जाणाऱ्या मुलांची संख्या आणि त्याच्या नोकरीची वर्षं यांचा गुणाकार केला की हा फरक किरकोळ राहत नाही. वाचनात फरक याच्या निम्मा होता, पण होता.

असं का व्हावं? मंदी कुणाला अधिक कुशल बनवत नाही. बाजार तेजीत असताना ज्या माणसांनी शाळेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, ती मंदीत अर्ज करतात. अर्ज करणाऱ्यांचा दर्जाच वर जातो, आणि शाळांना निवडायला वाव मिळतो.

इथे एक सावधगिरी हवी. हा अभ्यास प्रामुख्याने सुरुवातीलाच शिक्षक झालेल्यांबद्दल आहे. चाळिशीत बँक सोडून वर्गात शिरलेल्या माणसाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण 'नाइलाजाने आलेला शिक्षक वाईटच असणार' या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला आहे.

पगाराचे पैसे येतात कुठून?

आता दाराची दुसरी बाजू. शिक्षकाचा पगार करांतून येतो, आणि मंदीत कर आटतात. विक्री कमी, घरांची खरेदी कमी, उत्पन्न कमी, की राज्याच्या तिजोरीत येणारा पैसाही कमी. जुन्या शिक्षकांचे पगार थांबवणं अवघड असतं, म्हणून सरकार सगळ्यात सोपी गोष्ट करतं: नवी भरती थांबवतं.

मार्च २००९ मध्ये कॅलिफोर्नियात पंचवीस हजारांहून अधिक शिक्षकांना 'पुढच्या वर्षी कदाचित नोकरी नसेल' अशा नोटिसा गेल्या. तिथल्या कायद्याप्रमाणे अशी नोटीस १५ मार्चच्या आत द्यावी लागते, म्हणून शाळा आधीच सगळ्यांना देऊन ठेवतात आणि पैसे आले की मागे घेतात. त्यातल्या बऱ्याच मागे घेतल्याही गेल्या. पण नोटिसा कुणाला मिळाल्या हे पाहण्यासारखं आहे. नियम सेवाज्येष्ठतेचा होता, शेवटी आलेला आधी बाहेर. म्हणजे सुरक्षिततेच्या शोधात नुकताच शाळेत आलेला माणूसच सगळ्यात असुरक्षित जागी उभा होता. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क शहराने बाहेरून नवे शिक्षक घेणं जवळपास थांबवलं आणि मुख्याध्यापकांना आधीपासूनच्या शिक्षकांतूनच जागा भरायला सांगितलं. संघराज्य सरकारने मोठी मदत ओतली, तरी जून २००९ नंतरच्या तीन वर्षांत अमेरिकेतल्या स्थानिक शाळांमधल्या तीन लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. एकीकडे अर्जांचा पूर आणि दुसरीकडे घटत्या जागा, हे दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

आपल्याकडे एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी घसरलं. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने आदेश काढला: विकासकामांवर तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च, आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण यांसारखी खाती वगळता नवी पदभरती बंद. रुग्णालयांना माणसं हवीच होती, त्यामुळे तो अपवाद योग्यच होता. पण लोकांना शिक्षकाची नोकरी सगळ्यात हवीहवीशी वाटत होती त्याच महिन्यात तिचं सरकारी दार कागदोपत्री बंद झालं.

खासगी शाळांचं दार तर त्याहून लवकर मिटतं. पालकांची नोकरी गेली की शाळेची फी थकते, फी थकली की शिक्षकांचे पगार निम्मे होतात. 'असर' या शिक्षणाच्या ग्रामीण भागातल्या पाहणीनुसार सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ६४.३ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ७०.३ टक्क्यांवर गेलं. मुलं सरकारी शाळांत आली, पण तिथे शिक्षक वाढले नाहीत. उलट, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंग्रहाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशातली शिक्षकांची एकूण संख्या आधीच्या वर्षापेक्षा १.८९ लाखांनी कमी झाली, आणि सगळ्यात मोठी घट खासगी शाळांमध्ये झाली.

इंग्लंडमध्ये दार का उघडं राहिलं, तर तिथे प्रशिक्षण साधारण वर्षभराचं आहे आणि टंचाईच्या विषयांसाठी शिकताना सरकार पैसे देतं. पण तिथल्या सरकारनेही एक गोष्ट केली जी मला चुकीची वाटते. २०२० मधली गर्दी पाहून पुढच्या वर्षासाठी हा विद्यावेतनाचा आधार कापला. जीवशास्त्राला २६ हजार पौंड मिळत होते, ते ७ हजार केले. इंग्रजीचे १२ हजार थेट शून्यावर आले. माणसं येतायत तर पैसे कशाला द्यायचे, असा हिशेब. मंदी ओसरली, बाहेरचे पगार वाढले, आणि गर्दी पांगली. पांगण्याला इतरही कारणं होती, पण ज्यांना शिकण्याच्या वर्षात घर चालवायचं होतं त्यांच्या पायाखालचा आधार काढून घेतला गेला हे खरं.

महाराष्ट्रातला रस्ता, वर्षांच्या हिशेबात

आपल्याकडे शिक्षक व्हायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, हे अर्धवट माहितीवर ठरवणारे फार जण दिसतात. म्हणून इथे थोडं थांबून सांगते.

आधी कुठल्या वर्गांना शिकवायचं ते ठरवावं लागतं. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही पदविका लागते. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने बी.एड.वाल्यांनाही प्राथमिकची परवानगी दिली होती, पण ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं असतं आणि बी.एड. त्याच्यासाठी घडवलेलं नाही, हा त्यामागचा विचार होता. म्हणून 'बी.एड. केलं की कुठेही लागता येतं' हे आता खरं नाही. सहावीपासून पुढे बी.एड. चालतं, अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवीही लागते.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. पदवीला ५० टक्के हवेत. अभियंत्यांनाही प्रवेश मिळतो, मात्र ५५ टक्क्यांच्या अटीवर. पण ज्या पदासाठी जाहिरात आहे त्या विषयाशी आपली पदवी जुळते का, हे प्रवेश घेण्याआधी पाहायला हवं, दोन वर्षं घालवल्यावर नव्हे. उपस्थितीची अट कडक आहे: वर्गांना ८० टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के. म्हणजे नोकरी सांभाळून हे होत नाही. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे ना, असं विचारलं जातं, पण ते आधीच शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असतं. ज्यांच्याकडे चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आहे त्यांच्यासाठी एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा परिषदेने २०२५ च्या सुरुवातीला पुढे आणला. पेशा बदलू पाहणाऱ्यांसाठी तो मोठा दिलासा ठरू शकतो, पण मसुद्याच्या भरवशावर राजीनामा देऊ नये.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, प्रत्येकी १५० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५५. २०२१ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध धरलं जातं. या परीक्षेचं महत्त्व किती वाढलंय हे १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून कळतं: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पास व्हायला सांगितलं गेलं.

टीईटी फक्त पात्रता देते, नोकरी नाही. नोकरीसाठी टेट द्यावी लागते, पूर्ण नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदा, महापालिका आणि अनुदानित संस्थांच्या जागा भरल्या जातात. पोर्टल येण्याआधी अनुदानित शाळांची भरती संस्थाचालकांच्या हातात होती आणि तिथे काय दराने जागा जात, हे गावोगाव माहीत होतं. पोर्टलने तो बाजार बऱ्याच अंशी मोडला, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण पोर्टलची गती? पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षं गेली. त्याच्याही आधी, २०११ च्या पटपडताळणीत लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचं उघड झालं, आणि मे २०१२ पासून राज्याने शिक्षक भरती थांबवली, कारण आधी अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन करायचं होतं. म्हणजे आपल्याकडे दार बंद व्हायला मंदीच लागते असंही नाही.

आता हे एका माणसाच्या आयुष्यावर मांडून पाहू. समजा, ठाण्यातल्या एका गणिताच्या पदवीधर मुलीची नोकरी मे २०२० मध्ये गेली. तिने त्याच वर्षी बी.एड.ला प्रवेश घेतला. २०२२ मध्ये पदवी हातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये टेट. त्या परीक्षेला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले, पुढे जाहिरात निघाली ती २१,६७८ जागांची. निवडीची पहिली मोठी यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली, त्यात सुमारे ११ हजार नावं. तिचं नाव त्यात आलं असं धरू. ती माध्यमिक शाळेत रुजू झाली, पण शिक्षक म्हणून नव्हे, शिक्षणसेवक म्हणून. ही योजना २००० पासून आहे: पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. प्राथमिकला सुरुवातीला ते ३,००० रुपये होतं, नंतर ६,०००, आणि जानेवारी २०२३ पासून १६,०००. माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. म्हणजे आपली ही मुलगी २०२७ पर्यंत १८ हजारांवर काम करेल, आणि मग तिला ३८,६०० मूळ वेतनाची श्रेणी मिळेल.

नोकरी गेल्यापासून पूर्ण पगारापर्यंत सात वर्षं. तीही सगळं वेळेवर आणि मनासारखं घडलं तर. २०२० ची मंदी दीड-दोन वर्षांत ओसरली होती. मंदीच्या भीतीने ज्या रस्त्याला ती लागली, त्याचं फळ मंदी विसरली गेल्यावर तिच्या हाती येणार.

सात वर्षं कोण काढू शकतं? ज्यांच्या घरात दुसरा पगार आहे, गावाकडे जमीन आहे, घरभाडं नाही. गणितात हुशार पण घराचे हप्ते डोक्यावर असलेला माणूस हे करूच शकत नाही. फ्लोरिडाच्या अभ्यासातली चांगली माणसं मंदीत शाळेकडे वळली आणि आत येऊ शकली. आपल्याकडे वळलेली माणसं दारापाशीच गळतात, आणि गळतात ती गुणांमुळे नव्हे, घरच्या परिस्थितीमुळे. याचा तोटा शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या त्या मुलाला होतो ज्याला आठवीत गणिताचा शिक्षक मिळत नाही. मला यातली सगळ्यात दुखरी गोष्ट हीच वाटते.

वयाची अटही आहे. जिल्हा परिषदेसारख्या सरकारी नोकरीला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे. पस्तिशीत नोकरी गेलेल्या माणसाने वरचा हिशेब आपल्या वयाला लावून पाहावा.

बाकीची दारं

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत भरती थेट होते. इंग्रजी बोलता येतं, विज्ञान किंवा संगणक शिकवता येतो, अशा माणसाला तिथे लवकर जागा मिळते. पगार मात्र शाळेगणिक इतका बदलतो की सरासरी सांगण्यात अर्थ नाही. अनुदानाची वाट पाहणाऱ्या शाळांचा प्रश्न आणखी वेगळा: २० टक्के, मग ४० टक्के अशा टप्प्यांनी अनुदान वाढतं, आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर बसावं लागलेलं आहे. त्यांच्यातले काही जण दहा-पंधरा वर्षं जवळपास बिनपगारी शिकवत आले आहेत. 'पुढे अनुदान मिळेल' या शब्दावर तिथे नव्याने जाणाऱ्याने त्यांच्याशी एकदा तरी बोलावं.

कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळतं, पण त्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास हवी आणि सुट्टीच्या महिन्यांत हातात काही येत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मागच्या मंद्यांमध्ये खूप अभियंते अधिव्याख्याते म्हणून घेतले होते, नंतर जागा रिकाम्या राहू लागल्यावर अनेकांचे पगार महिनोन्‌महिने थकले.

आणि २०२० मधलं सगळ्यात झगमगतं दार म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या कंपन्या. 'व्हाइटहॅट ज्युनिअर'ने घरातून कोडिंग शिकवणाऱ्या हजारो शिक्षिका घेतल्या, 'बायजूज'ने ती कंपनी ऑगस्ट २०२० मध्ये ३० कोटी डॉलरना विकत घेतली. शाळा उघडल्या तशी मागणी ओसरली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये 'बायजूज'ने २,५०० कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. हे दार मंदीने उघडलं आणि तेजीने बंद केलं. शाळेच्या बरोबर उलटं.

ज्याला हे काम आपल्याला जमतं का हे पाहायचंय त्याच्यासाठी 'टीच फॉर इंडिया'सारखी दोन वर्षांची फेलोशिप मला या सगळ्यांत जास्त प्रामाणिक वाटते. दोन वर्षं आहेत हे आधीच सांगितलेलं असतं, दरमहा विद्यावेतन मिळतं, आणि वर्ग खरा असतो.

वर्गात गेल्यावर

बाहेरून आलेल्या माणसाकडे विषय असतो. ज्याने कारखान्यात दहा वर्षं काढलीत तो उष्णतेचा धडा शिकवताना बॉयलरबद्दल बोलू शकतो, आणि मुलं कान टवकारतात. ही त्याची मोठी ताकद आहे. पण विषय येणं आणि तो चाळीस मुलांच्या डोक्यात उतरवणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर पहिल्या वर्षी फार दमवतं. बी.एड.मधलं सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, रोजचं पाठ टाचण हे अनेकांना कागदी सोपस्कार वाटतात. मला तसं वाटत नाही. एका तासात एकच गोष्ट नीट पोचवायची, मग थांबून मुलांना ती कळली का पाहायचं, ही सवय त्यातूनच लागते. कंपनीत सादरीकरणं करून आलेल्या माणसाला ती सवय नसते, कारण तिथे ऐकणारे मोठे असतात आणि न कळलं तरी मान डोलावतात.

दुसरा धक्का अशैक्षणिक कामांचा. मतदार याद्या, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, निरनिराळी ॲप. द्विशिक्षकी शाळेत दोघांतला एक जण माहिती भरत असेल तर चार वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. शहरातून आलेल्या नव्या शिक्षकाला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये लुसी केलवे या 'फायनान्शियल टाइम्स'च्या स्तंभलेखिका पन्नाशी उलटल्यावर शिक्षिका झाल्या आणि २०१६ मध्ये त्यांनी 'नाऊ टीच' ही संस्था केटी वॉल्डग्रेव्ह यांच्यासोबत सुरू केली. दुसरा पेशा म्हणून शिक्षकी घेणाऱ्यांना आणणं आणि त्यांना एकटं न सोडणं हे तिचं काम. मोठ्या वयात नवशिका होणं अवघड असतं. कालपर्यंत ज्याच्या सहीने कामं होत, त्याला आज तिशीतली मुख्याध्यापिका पाठ कसा घ्यावा ते सांगते. तेव्हा बोलायला आपल्यासारखी माणसं लागतात. आपल्याकडे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदा दरमहा होतात. तिथे शेजारच्या गावच्या अनुभवी गुरुजींना धरून बसणारा नवा शिक्षक लवकर तयार होतो, हे मी पाहिलं आहे.

आता जे खरंच या रस्त्याने निघाले आहेत त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. अनुदानित शाळेत संस्थेचं नियुक्तिपत्र मिळालं म्हणजे पगार सुरू झाला असं नसतं. शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, ते पद असावं लागतं, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, आणि शालार्थ प्रणालीत आपला क्रमांक तयार व्हावा लागतो, कारण पगार त्याच प्रणालीतून निघतो. कुणी पोर्टल टाळून 'थेट ऑर्डर देतो, मान्यता नंतर काढू' म्हणत असेल आणि त्यासाठी पैसे मागत असेल, तर पद कोणत्या वर्षीच्या संचमान्यतेत मंजूर आहे हे त्याला विचारा, ती प्रत मागून घ्या, आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः पडताळून पाहा. पैसे देऊ नका. खासगी शाळा असेल तर पगार बँकेतून किती आणि बारा महिने की दहा महिने, भविष्य निर्वाह निधी कापतात का, हे लेखी घ्या, आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नका.